शेवटचा भाग बघू की नको?

प्रिय ताई,

पत्राचा विषय तुम्हाला पोरकट वाटेल, तरी लिहिते. मी एकोणतीस वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने मला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघायला लावलं. तिची ती मालिका २०१९ मध्येच बघून झाली होती. आम्ही आता वेगवेगळ्या शहरांत असतो, म्हणून दर शनिवारी रात्री फोन चालू ठेवून दोघी एकदमच भाग सुरू करायचो. असे बहात्तर भाग झाले. लग्नकार्य असो, आजारपण असो, शनिवार आम्ही सहसा चुकवला नाही.

मला त्यातली डेनेरिस, ड्रॅगन पाळणारी राणी, पहिल्या सीझनपासून आपली वाटायची. सख्ख्या भावाने विकलेली घाबरलेली मुलगी, आणि तिने पुढे हजारो गुलामांच्या बेड्या तोडल्या. ऑफिसात मला फार टोचून बोलायचे, त्या दिवसांत तिच्याकडे बघून मी ताठ उभी राहायला शिकले. आणि मग ‘द बेल्स’ नावाचा तो भाग आला. घंटा वाजल्या, शहर शरण आलं, लढाई संपली, आणि त्यानंतर तिने अख्खं शहर जाळलं. मी फोनवर “नको गं, नको” म्हणत राहिले. ती आई आणि तिची लेक, लेकीच्या हातातला लाकडी घोडा, हे तीन रात्री डोळ्यांसमोरून हललं नाही. मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, “अगं, पहिल्यापासून दाखवलंच होतं की. तुला दिसलं नाही.” मी फोन बंद केला. तिला सगळं माहीत होतं, आणि दीड वर्ष ती माझं कौतुक ऐकत गप्प बसली, हे मला जास्त लागलं. तीन शनिवार झाले, आम्ही बोललेलो नाही. एकच भाग उरलाय.

मी आंधळी होते का? एका काल्पनिक राणीसाठी इतकं रडणं बरं आहे का? आणि शेवटचा भाग बघू की नको?

– एक प्रेक्षक


प्रिय मैत्रीण,

पत्र पोरकट वाटलं नाही. वाचून झाल्यावर मी तो भाग पुन्हा लावला, कारण नुसत्या आठवणीवर विसंबून तुला उत्तर देणं मला बरोबर वाटेना. सव्वा तासाहून मोठा भाग आहे. पुढे काय होणार हे माहीत असूनही घंटा वाजायला लागल्या तेव्हा माझ्या मुठी आपोआप आवळल्या गेल्या. (ज्या वाचकांना ही मालिका अजून बघायची आहे, त्यांनी इथेच थांबावं. आठव्या सीझनच्या पाचव्या भागापर्यंतचं सगळं मी उघड लिहिणार आहे. शेवट मात्र सांगणार नाही, कारण तो हिनेही पाहिलेला नाही.)

आधी मधला प्रश्न घेते, त्याचं उत्तर लहान आहे. रडलीस ते बरं केलंस. दीड वर्ष, आठवड्यातला एक ठरलेला तास, एकाच चेहऱ्याकडे बघत राहिलं की तो चेहरा ओळखीचा होतो. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एका बाजूने नातं जुळतं त्याबद्दल लिहिलं आणि त्यासाठी ‘पॅरासोशल’ हा शब्द वापरला. म्हणजे टीव्ही घरात नवानवा आला होता तेव्हाही माणसं अशीच जीव लावत होती. डेनेरिसच्या बाबतीत बोलायचं तर अमेरिकेत २०१८ या एका वर्षात पाचशेहून जास्त मुलींचं नाव ‘खलीसी’, म्हणजे मालिकेतली तिची पदवी, ठेवलं गेलं. त्यांच्या आईवडिलांपैकी कितीतरी जणांनी लगेच पुढच्या वर्षी, १२ मे २०१९ ला, हा भाग पाहिला असेल. मांडीवर त्या नावाचं बाळ घेऊन. मला त्या आईवडिलांची अनेकदा आठवण येते. तू तीन रात्री जागलीस, त्यात काही वावगं नाही.

खरा प्रश्न पहिला आहे. तुझी मैत्रीण बोलली ते अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं बोचलं. सपशेल खोटं असतं तर तू तिथल्या तिथे खोडून काढलं असतंस आणि फोन चालूच राहिला असता.

दाखवलं होतं, हे खरंच. पहिल्या सीझनमध्ये तिच्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात तेव्हा ती नजर वळवत नाही. दुसऱ्यात कार्थ नावाच्या शहराच्या वेशीवर तिला आत घेईनात, तर ती शहरं जाळण्याची भाषा करते, आणि सीझनच्या शेवटी दोन माणसांना जिवंतपणी तिजोरीत कोंडून निघून जाते. सहाव्यात दोथराकी या घोडेस्वार टोळ्यांच्या सगळ्या खालांना, म्हणजे सरदारांना, एका छपराखाली जाळते आणि आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात. सातव्यात रँडिल टार्ली गुडघे टेकत नाही, म्हणून त्याला आणि त्याच्या तरण्याताठ्या मुलाला ड्रोगॉन या आपल्या ड्रॅगनच्या आगीत उभं करते. तिथे तिचा सल्लागार टिरियन याचा चेहरा उतरतो. माझाही उतरला होता.

पण मला सगळ्यांत जास्त छळते ती मिरी माझ दूर. आठवते तुला? डेनेरिसने जाळलेलं पहिलं माणूस ती. डेनेरिसचा नवरा खाल द्रोगो याच्या स्वारांनी तिचं गाव लुटलं, तिच्यावर अत्याचार केले, तिच्या देवाचं घर जाळलं. डेनेरिसने तिला त्यांच्या तावडीतून सोडवलं, आणि ते अगदी मनापासून. पण ती लूट चालली होती कशासाठी? तिथली माणसं गुलाम म्हणून विकून डेनेरिसला समुद्रापार न्यायला जहाजं घ्यायची होती. ज्या बाईचं होतं नव्हतं ते सगळं गेलं, तिला नंतर वाचवून काय उरतं? मिरीने सूड घेतला. द्रोगो जिवंत प्रेत झाला, डेनेरिसच्या पोटातलं मूल गेलं. मग डेनेरिसने तिला चितेला बांधलं. सकाळी त्या राखेत तीन ड्रॅगन दिसले, आणि त्या आनंदात आपण सगळे मिरीला विसरलो. मीही विसरले होते.

आता ‘द बेल्स’मध्ये तटावर थांबलेल्या ड्रोगॉनच्या पाठीवर बसलेली ती बाई बघ. तिचा जुना साथीदार जोराह गेला. जिवलग मैत्रीण मिसांडे हिचं शिर तिच्या डोळ्यांदेखत उडवलं. तिघांतले दोन ड्रॅगन मेले. सगळं गेलेली बाई, आणि समोर ज्यांनी ते नेलं त्यांचं शहर. आठ सीझन फिरून ती मिरीच्या जागी येऊन उभी राहिली आहे. फरक एवढाच, मिरीजवळ ड्रॅगन नव्हता. पुन्हा पाहताना हे माझ्या लक्षात आलं आणि मी भाग थांबवून बराच वेळ तशीच बसले.

मीरीन या गुलामांच्या शहराचंही सांगते. मालकांनी गुलामांच्या एकशे त्रेसष्ट मुलांना मैलामैलावर खिळे ठोकून मारलं होतं. शहर घेतल्यावर तिने तेवढेच मालक तसेच खिळवले. पहिल्यांदा पाहताना मला ते न्यायाचं वाटलं, हे कबूल करते. दोनच भागांनंतर हिझ्दार नावाचा माणूस दरबारात येतो. त्याच्या बापाने त्या मुलांना मारायला विरोध केला होता. तरी तोही खिळ्यांवर. मुलगा फक्त अंत्यसंस्कारासाठी देह मागतो. त्या वेळचा तिचा चेहरा पुन्हा बघ. तिने मोजून माणसं मारली होती, विचारून नव्हे, आणि ते तिला त्या क्षणी कळतं.

एवढं सगळं मांडूनही मी तुला आंधळी म्हणणार नाही. कारण मालिकेने दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत दाखवली होती. अस्टापोर हे गुलामांच्या बाजाराचं शहर आठव, तिसऱ्या सीझनचा चौथा भाग. तिने अनसलीड हे गुलामांचं सैन्य विकत घेतलं, चाबूक हातात आला, आणि तोवर आपल्याला यांची भाषा कळत नाही असं भासवणारी ती मुलगी त्यांच्याच भाषेत आज्ञा देते: मालकांना मारा, चाबूक धरणाऱ्या प्रत्येकाला मारा. आणि त्याच दमात सांगते की लहान मुलाला हात लावू नका. ही आज्ञा घाईगडबडीत ऐकू येत नाही, पण ती आहे. चौथ्या सीझनचा शेवट आठव. एक धनगर दरबारात कापडात गुंडाळलेली हाडं घेऊन येतो. त्याची तीन वर्षांची मुलगी, ड्रोगॉनने जाळलेली. त्या एका मुलीसाठी डेनेरिस आपल्या उरलेल्या दोन ड्रॅगनना, ज्यांना ती लेकरं म्हणते त्यांना, स्वतःच्या हातांनी तळघरात साखळ्या घालते. ते मागून ओरडत राहतात, ती रडत बाहेर येते आणि दगडी दार बंद होतं. हे खोटं होतं का? मला तरी ते या मालिकेतल्या सगळ्यांत खऱ्या प्रसंगांपैकी एक वाटतं.

तू हे पाहिलंस आणि तिला जीव लावलास. मैत्रिणीने ते पाहिलं आणि तिला धोका दिसला. दोघींनी एकच बाई पाहिली.

मग ‘द बेल्स’ इतका जिव्हारी का लागला? मला वाटतं त्याचं कारण आपण कुठे उभे होतो यात आहे. सात सीझन आपण तिच्या खांद्यामागे उभे होतो. आग तिच्याकडून निघायची आणि समोर कुणीतरी दुष्ट असायचा, मागे संगीत चढत जायचं. सातव्या सीझनच्या चौथ्या भागात पहिल्यांदा आपल्याला तिच्या शत्रूच्या, जेमी आणि ब्रॉनच्या, बाजूला, खाली जमिनीवर उभं केलं, आणि शिपायांची उभ्या जागी राख होताना दाखवली. तिथेही आपण द्विधा होतो. ‘द बेल्स’चा दिग्दर्शक मिगेल सॅपोचनिक मात्र घंटांनंतर कॅमेरा आपल्याला पुन्हा वर नेऊच देत नाही. ड्रोगॉन उडतो आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसते ती पंखांची सावली, छपरांवरून येणारी ज्वाळा, पळणारी माणसं, शहरात अडकलेली, धुळीने पांढरी झालेली तरुण आर्या, आणि ती आई नि तिची लेक. मधूनच हिरव्या ज्वाळा उसळतात, त्या तिच्या बापाने, वेड्या राजाने, शहराखाली पुरून ठेवलेल्या वाइल्डफायर या स्फोटक द्रवाच्या. ते पेटू नये म्हणून जेमीने त्या राजाच्या पाठीत तलवार खुपसली होती आणि आयुष्यभर राजघातकी म्हणवून घेतलं. त्याच शहरात, त्याच दिवशी, तो स्वतः ढिगाऱ्याखाली मरतो. या सगळ्याची जुळणी पाहिली की भाग बनवणाऱ्यांच्या कौशल्यापुढे मी नमते.

तू ‘नको’ म्हणालीस ते कुणासाठी म्हणालीस, याचा जरा विचार कर. अर्धं त्या राणीसाठी असेल, अर्धं त्या घोडा धरलेल्या मुलीसाठी. लहान मुलाला हात लावू नका, हे तुला त्या मालिकेत कुणी शिकवलं होतं? तिनेच, अस्टापोरला. तू ते धरून राहिलीस, ती विसरली. म्हणून तर ऑफिसातल्या त्या दिवसांत तिच्याकडून तू जे घेतलंस ते परत करायची काही गरज नाही. ते तू तिसऱ्या-चौथ्या सीझनमधल्या बाईकडून घेतलं होतंस आणि ती बाई तिथे तशीच आहे.

आता माझी तक्रार, कारण तुझा राग सगळाच प्रेमातून आलेला नाही. काही राग गोष्ट सांगण्याच्या पद्धतीवरचा आहे आणि तो रास्त आहे. पहिल्या सहा सीझनना प्रत्येकी दहा भाग मिळाले, म्हणजे साठ. शेवटच्या दोन सीझनना मिळून तेरा. जी मालिका एकेका प्रवासाला अर्धा सीझन द्यायची, ती शेवटी एकेका शोकाला एकेक प्रसंग देऊ लागली. मिसांडे चौथ्या भागाच्या अखेरीस मरते आणि पाचव्याच्या मध्यावर शहर पेटतं. मधे काय आहे? डेनेरिस जेवत नाही, केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. सल्लागार व्हॅरिसला देहदंड. मिसांडेच्या गळ्यातला गुलामीचा जुना पट्टा ती मिसांडेच्या प्रियकराच्या, ग्रे वर्मच्या, हातात देते आणि तो तो आगीत टाकतो. तिचा प्रियकर जॉन याच्याशी ते बोलणं, ज्यात तो तिला जवळ घेऊ शकत नाही आणि ती प्रेमाऐवजी भीती निवडते. प्रसंग सगळे चांगले आहेत, पट्ट्याचा तर अप्रतिम. पण ते पायऱ्यांसारखे आहेत आणि मधल्या चार-पाच पायऱ्या गाळल्या आहेत. बेड्या तोडणारी बाई शहर जाळेपर्यंत कशी जाते, हे मला बघायचं होतं. दहा भाग बघायचं होतं. मी सगळा रस्ता चालले असते. डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्कने त्या तटावरच्या काही क्षणांत एकही शब्द न बोलता जे केलं, श्वास, ओठ, राजवाड्यावर खिळलेली नजर, त्यावर सगळा भार टाकून लेखक मोकळे झाले. तिने तो पेलला. पण तो तिच्या एकटीवर टाकायला नको होता.

त्यामुळे मैत्रिणीला सांगायचं असेल तर हे सांग: इशारे होते, रस्ता नव्हता. मुक्कामाचं ठिकाण मला चुकीचं वाटत नाही. तिथे आपल्याला ज्या वेगाने नेलं तो वेग चुकीचा होता. असं वाटणारी तू एकटी नाहीस. हा सीझन पुन्हा बनवा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त प्रेक्षकांनी सह्या केल्या होत्या. आणि त्याच सीझनला त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं एमी पारितोषिकही मिळालं. मला दोन्ही समजतं.

एक गोष्ट मात्र तुला करावी लागेल, आणि ती अवघड आहे. तिला माफ करण्यासाठी कारणं शोधू नकोस. एकटी पडली होती, मैत्रीण मारली, ड्रॅगन मारले, प्रियकराने दूर लोटलं, हे सगळं खरं आहे आणि त्याने काय घडलं ते समजतं. त्या लेकीचं मरण त्याने बरोबर ठरत नाही. आपल्याला हे नवीन नाही. अश्वत्थाम्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाप कपटाने मारला गेला म्हणून त्याने युद्ध संपल्यावर रात्री छावणीत शिरून झोपलेली पोरं कापली. ते कुणी योग्य म्हणत नाही. तरी कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा तो आपल्या मनातून जात नाही, आणि त्याच्याबद्दल वाटणाऱ्या कळवळ्याची आपल्याला कधी लाजही वाटत नाही. डेनेरिसला तशी जागा दे. तिचं वागणं भयंकर, आणि तरी ती तुझी. हे दोन्ही एका मनात राहू शकतं.

आता मैत्रीण. तुझ्या पत्रात मला हाच धागा सगळ्यांत मोलाचा वाटला, म्हणून त्याला हात घालते.

ती गप्प बसली, ही तुझी तक्रार. क्षणभर उलटं करून बघ. तिने तिसऱ्या सीझनमध्ये, तू अस्टापोर बघून नाचत असताना, सांगितलं असतं की पुढे ही शहर जाळणार आहे, तर? तू मला आज तिच्याविरुद्ध वेगळंच पत्र लिहिलं असतंस. एखादी गोष्ट दुसऱ्याला पहिल्यांदा बघू द्यायची तर आपल्याला माहीत असलेलं गिळावं लागतं. ते तिने दीड वर्ष गिळलं. ती लबाडी नव्हती.

चुकलं ते तिचं शेवटचं वाक्य. त्या क्षणी, तू रडत असताना, “तुला दिसलं नाही” हे म्हणायला नको होतं. ते तिला स्पष्ट सांग, कारण ते मनात ठेवलंस तर पुढचं काहीच सरळ होणार नाही.

पण मला अजून एक विचारायचंय, तुला नाही, तुझ्यामार्फत तिला. ती ही मालिका आधीच संपवून बसली होती. शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा बहात्तर शनिवार कोण बघतं? तुला पकडण्यासाठी कुणी इतकं करत नाही. मी माझ्यापुरतं सांगते. २०१९ मध्ये मी हा भाग एकटीने पाहिला. संपल्यावर कुणाशी बोलावं कळेना. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, आम्हाला आधीच माहीत होतं, दाखवलं होतं की. मीही दोनचार दिवसांत तेच म्हणायला लागले. ते म्हटलं की दुखणं कमी होतं, निदान दिसत तरी नाही. आपण फसलो असं वाटण्यापेक्षा आपण ओळखलं होतं असं वाटणं सोपं जातं. तुझ्या मैत्रिणीचं ते शांत वाक्य वाचताना मला माझाच त्या वेळचा आवाज ऐकू आला.

माझा अंदाज चूक असेल. पण विचारून बघ: “तू पहिल्यांदा हा भाग पाहिलास तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?” एवढंच विचार आणि तिला बोलू दे. मेसेज पाठवू नकोस, फोन कर. प्रसंगांची यादी काढून कोण बरोबर हे ठरवायला बसू नका, त्याला अंत नाही. इशाऱ्यांच्या बाजूने मी वर लिहिलेलं सगळं तिला पाठ असेल, आणि अस्टापोर नि धनगराचा प्रसंग तुला. मला तर असं वाटतं की तिला तिची जुनी डेनेरिस पुन्हा एकदा कुणाच्या तरी कौतुकात ऐकायची होती, आणि ती दर शनिवारी तुझ्या आवाजात तिला ऐकू येत होती.

राहिला शेवटचा प्रश्न. बघ. पण लगेच नको, आणि एकटीने तर अजिबात नको.

लगेच नको, कारण तू अजून त्या रस्त्यावरच्या राखेत आहेस. झोप नीट लागायला लागू दे. मधल्या एका शनिवारी दोघी मिळून एक जुना भाग लावा. मी सुचवेन चौथ्या सीझनचा शेवटचा, धनगर आणि साखळ्यांचा. वाद मिटवायला नव्हे. ती बाई पुन्हा भेटावी म्हणून. आता तो भाग वेगळा दिसेल, आणि दार बंद होतानाचा ड्रॅगनचा आवाज आधीपेक्षा जास्त वेळ ऐकू येईल.

शेवटचा भाग आवडेलच असं मी सांगत नाही. मला त्यातलं काही फार भिडलं आणि काही अजून पटत नाही, आणि कुठलं कुठलं ते तू पाहिल्यावर लिही, मग आपण बोलू. पण न बघता सोडलास तर तुझ्यासाठी ती कायम त्या शहरावरून आग ओकत फिरत राहील, चेहरा नसलेली. ‘द बेल्स’ने तिचा चेहरा आपल्यापासून काढून घेतला. तो पुन्हा बघण्याचा तुझा हक्क आहे, मग समोर जे येईल ते येवो. आणि पडद्यावरचा शेवट मनाला अगदीच नाही पटला, तर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मूळ कादंबऱ्या आहेत. त्यांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, पुढचे दोन अजून यायचे आहेत. त्या पानांवर डेनेरिसने वेस्टेरोसवर, म्हणजे समुद्रापार तिला जिथे जायचं आहे तिथे, पाऊलही ठेवलेलं नाही. ती मीरीनपासून दूर, दोथराकींच्या गवताच्या समुद्रात, ड्रोगॉनजवळ उभी आहे, आणि कुठलीही घंटा वाजलेली नाही.

शनिवारी नेहमीच्या वेळी तिला फोन लाव. नेहमीसारखं एकदमच सुरू करा. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला टिरियन जळलेल्या रस्त्यातून चालत येतो, वरून राख पडत असते, आणि पहिली काही मिनिटं जवळजवळ कुणीच बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. फोन चालू राहू दे.

तुझी,
ताई